मिस्त्रीचा पाना आणि डिझेलचे इंजिन

मराठीत काही शब्द असे रुळले आहेत, की ते परके आहेत हे सांगूनही कोणाला खरे वाटू नये. ‘टेम्पो’ हा त्यांतलाच एक. घर बदलताना ‘टेम्पो बोलावला’ असे पुण्याच्या पेठेतला माणूस जितक्या सहजपणे म्हणतो, तितक्याच सहजपणे बेळगावचा, नागपूरचा किंवा इंदूरच्या मराठी वस्तीतलाही म्हणतो. वस्तुतः हे एका जर्मन कारखान्याचे व्यापारी नाव. हॅम्बुर्गच्या परिसरात विडाल नावाच्या कुटुंबाने १९२४ मध्ये मालवाहू तीनचाकी गाड्यांचा धंदा उभारला आणि आपल्या गाड्यांना ‘टेम्पो’ हे नाव दिले. याच कारखान्याने १९४९ मध्ये जी चारचाकी गाडी बाजारात आणली, तिचे नाव होते ‘मॅटॅडोर’. स्पेनमध्ये रिंगणात उतरून बैलाशी झुंजणाऱ्या वीराचे हे नाव सह्याद्रीच्या घाटांत दुधाचे कॅन, भाजीच्या पाट्या, लग्नाची वऱ्हाडे आणि शाळेची मुले वाहून नेणाऱ्या गाडीला मिळावे, हा भाषेचा एक गमतीदार खेळच म्हणावयाचा. पुढे पुढे तर त्या आकाराची कोणतीही गाडी मॅटॅडोर म्हणूनच ओळखली जाऊ लागली.

पण हा इतिहास केवळ नावांचा नाही. मॅटॅडोरसारख्या जुन्या डिझेल गाडीबरोबर आपल्या देशात एक विद्याही वाढली. गाडी अडली, की तिच्या मालकाने, बहुधा तोच चालकही असे, केबिनीतल्या इंजिनाचे झाकण उचलावे, आसनाखालून गोणपाटात गुंडाळलेले पाने काढावेत आणि रस्त्याच्या कडेला बसून ते इंजिन पुन्हा चालते करावे, ही ती विद्या. तिचा अभ्यासक्रम नव्हता आणि पाठ्यपुस्तकेही जवळजवळ नव्हती. तरीही ती तीन-चार दशके लाखो रुपयांचे व्यवहार आणि कितीतरी कुटुंबांची चूल चालवीत राहिली. तापमान, दाब आणि सूक्ष्म मापे यांच्यावर उभे असलेले हे यंत्र सामान्य माणसाच्या हाताला इतके वश कसे झाले, आणि पुढे ते त्या हातातून निसटले कसे, हे समजून घ्यावयाचे तर प्रथम ज्याच्या नावाने हे यंत्र ओळखले जाते, त्या माणसाकडे वळले पाहिजे.

रूडॉल्फ डिझेल याचा जन्म १८५८ मध्ये पॅरिसमध्ये झाला. आईबाप जर्मन; वडील पुस्तकबांधणीचा आणि कातडी वस्तू बनविण्याचा धंदा करीत. म्हणजे हा मुलगा कारागिराच्या घरात, कारागिराच्या ओढगस्तीत वाढला. १८७० मध्ये फ्रान्स व प्रशिया यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा या कुटुंबाला पॅरिस सोडून लंडन गाठावे लागले. पुढे म्युनिकला शिकत असताना डिझेलच्या मनात एका गोष्टीने घर केले. त्या काळच्या वाफेच्या इंजिनात कोळशातील उष्णतेचा फार थोडा अंश प्रत्यक्ष कामाला येई. बाकीची सारी वाया जाई. शिवाय वाफेचे इंजिन जितके मोठे, तितके ते परवडणारे. त्यामुळे शक्ती ज्याच्याकडे भांडवल त्याच्याकडे जमा होत गेली, आणि छोटा सुतार, विणकर, छापखानेवाला मागे पडला. छोट्या कारागिराला त्याच्याच कार्यशाळेत चालविता येईल असे काटकसरी इंजिन मिळाले, तर उद्योग पुन्हा गावोगाव विखुरतील, अशी डिझेलची धारणा होती. ती त्याने १८९३ मधील आपल्या तांत्रिक ग्रंथात मांडली, आणि १९०३ मध्ये तर कामगारांच्या सहकारी उद्योगांची योजना सांगणारे एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले. त्या पुस्तकाची विक्री अगदीच थोडी झाली. इंजिनाचे मात्र नशीब निराळे होते.

इंजिनाची कल्पना ऐकावयास सोपी आहे. हवा अतिशय जोराने दाबली की ती तापते. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून धरून हवा मारली, तर पंपाचे टोक हाताला गरम लागते, हा अनुभव कोणालाही घेता येईल. हवा इतकी दाबावयाची की ती पाचशे अंशांच्याही वर तापावी. मग त्या हवेत तेलाचा फवारा सोडला, की ते आपोआप पेट घेते. ठिणगी नको, ठिणगी पाडणारी विजेची यातायात नको. पण कल्पना आणि यंत्र यांच्यामध्ये चार वर्षांची झटापट होती. ऑग्सबर्गच्या कारखान्यात ऑगस्ट १८९३ मध्ये पहिल्या यंत्रात इंधन सोडले, तेव्हा ते पेटले खरे. पण दाब मोजण्याचे उपकरण स्फोटाने फुटून त्याचे तुकडे उडाले. १८९७ च्या फेब्रुवारीत प्राध्यापक मोरित्स श्रोटर यांनी सुधारलेल्या इंजिनाची रीतसर परीक्षा घेतली, आणि इंधनातील उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के उष्णता कामी येते असे आढळले. वाफेच्या उत्तम इंजिनांनाही ते जमत नव्हते.

परंतु हे यंत्र तीन मीटर उंच आणि साडेचार टन वजनाचे होते! कारागिराच्या कार्यशाळेत ते मावणार कसे? अडचण इंधन आत सोडण्याची होती. आधीच प्रचंड दाबलेल्या हवेत तेल ढकलावयाचे, तर त्याहूनही जास्त दाबाची हवा हवी. आणि ती पुरविण्यासाठी इंजिनाला एक स्वतंत्र हवा-दाबयंत्र जोडावे लागे. यामुळे डिझेलचे इंजिन गेले जहाजांत, पाणबुड्यांत, वीजघरांत. म्हणजे नेमके मोठ्या भांडवलाच्या दारी. सप्टेंबर १९१३ मध्ये अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ या बोटीवरून रूडॉल्फ डिझेल रात्रीतून नाहीसा झाला. काही दिवसांनी त्याचे प्रेत समुद्रात सापडले. कर्जाने तो गांजला होता. ज्या छोट्या माणसासाठी त्याने यंत्र योजिले, त्याच्या हाती ते गेलेले काही त्याला पाहावयास मिळाले नाही.

ते यंत्र लहान केले इतरांनी. मानहाइमच्या बेंझ कारखान्यातील प्रोस्पर लोरांज या अभियंत्याने १९०९ मध्ये एक युक्ती नोंदविली. मुख्य सिलिंडरच्या माथ्यावर एक लहानशी कोठडी ठेवावयाची आणि इंधन प्रथम त्या कोठडीत सोडावयाचे. तेथे ते अर्धवट पेटते आणि त्या पेटण्याच्याच जोराने उरलेले इंधन सिलिंडरमध्ये फेकले जाते. मग बाहेरच्या दाबाच्या हवेची गरजच उरत नाही. फवारा फार बारीक नसला तरी चालतो, फार मोठा दाबही लागत नाही. पहिल्या महायुद्धानंतर ही युक्ती पूर्णत्वास गेली. दुसरी बाजू सांभाळली श्टुटगार्टच्या रोबर्ट बॉश याने. ठराविक क्षणी, ठराविक थेंब इंधन ढकलणारा पंप तयार करण्याचे त्याने १९२२ मध्ये मनावर घेतले आणि १९२७ मध्ये असे पंप कारखान्यातून नियमित बाहेर पडू लागले. या पंपात एक लहान दट्ट्या एका नळीत वरखाली होतो. त्या दोहोंमधली फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या एकदोन पटींइतकीच असते. मधे रबर नाही, चामडे नाही. केवळ पोलादावर पोलाद. दोन्ही एकमेकांसाठी घासून बनविलेले असतात. एकाचा दट्ट्या दुसऱ्याच्या नळीत चालत नाही.

पुढच्या साऱ्या दुरुस्तीविद्येची सीमारेषा येथेच आखली गेली. डिझेल इंजिनाचे दोन भाग पडले. एक भाग जाडजूड, सहनशील, पान्याने उघडणारा आणि डोळ्यांनी समजणारा: सिलिंडर, पिस्टन, व्हॉल्व्ह, हेड. दुसरा भाग नखाएवढ्या कचऱ्यानेही बिघडणारा: पंप आणि त्याच्या टोकाचे नोझल. पहिला भाग मालकाचा आणि मिस्त्रीचा, दुसरा तज्ज्ञाचा.

१९३६ मध्ये मर्सिडीज-बेंझने ‘२६० डी’ ही मोटार बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली आणि डिझेल इंजिन प्रवासी मोटारीत आले. तिचा उपयोग टॅक्सीवाल्यांनी मोठ्या प्रमाणावर केला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. दिवसभर गाडी हाकून पोट भरणाऱ्यालाच इंधनाच्या थेंबाथेंबाची किंमत कळते. युद्धानंतर त्याच कारखान्याने लहान डिझेल इंजिनांची एक मालिकाच चालविली. त्या मालिकेतील ‘ओएम ६१६’ हे चार सिलिंडरचे, सुमारे २४०० घन सेंटिमीटरचे इंजिन १९७३ मध्ये आले. त्यात लोरांजची ती कोठडी होती, बॉशच्या घराण्यातला एका रांगेत दट्टे असलेला पंप होता आणि हवा एकवीस पटींनी दाबली जाई. जर्मनीत ते टॅक्सींत चालले. भारतात त्याचे जे झाले, ते त्याहून मनोरंजक आहे.

स्वातंत्र्यानंतर भारताने मोटारींच्या बाबतीत एक ठाम भूमिका घेतली होती. टॅरिफ कमिशनच्या १९५३ मधील अहवालानंतर, येथे केवळ सुटे भाग जोडून गाड्या उभ्या करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड या कंपन्यांनी आपला मुक्काम हलविला. गाडी येथे बनवावयाची असेल तर तिचे भागही क्रमाक्रमाने येथेच बनले पाहिजेत, असा त्याचा अर्थ. १९५४ मध्ये टाटांनी डाइम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला डिझेल मालमोटारी बनविण्यास प्रारंभ केला. बॉशच्या सहकार्याने १९५१ मध्ये बंगळूरला ‘माइको’ हा कारखाना स्थापन झाला आणि तेथे डिझेलचे पंप व नोझले तयार होऊ लागली. पुण्याला किर्लोस्करांची आणि साताऱ्याला कूपरची तेलइंजिने त्याआधीच शेतांतून व पिठाच्या गिरण्यांतून धडधडत होती. तेव्हा डिझेलचा आवाज महाराष्ट्रातल्या खेड्याला नवा नव्हता. अशा वेळी, १९५८ मध्ये, स्वातंत्र्यलढ्यातून उद्योगाकडे वळलेले नवलमल फिरोदिया यांनी विडालच्या सहकार्याने ‘बजाज टेम्पो’ ही कंपनी काढली. प्रथम तीनचाकी ‘हॅन्सीट’ आली. मग पुण्याजवळ आकुर्डीला कारखाना झाला आणि साठीच्या दशकाच्या अखेरीस तेथून मॅटॅडोर बाहेर पडू लागली. ऐंशीच्या दशकात डाइम्लर-बेंझशी करार होऊन तिला ‘ओएम ६१६’ इंजिन मिळाले. म्हणजे ज्या इंजिनावर जर्मन टॅक्सीवाला धनिकांच्या बरोबरीने मर्सिडीज मिरवीत होता, तेच इंजिन आकुर्डीत बनून नारायणगावच्या टोमॅटोखाली आले.

त्या काळच्या परिस्थितीचा एक विशेष ध्यानात घेतला पाहिजे. गाड्या थोड्या, परवाने मोजके, परदेशी सुटा भाग दुर्मिळ आणि महाग. गाडी जुनी झाली म्हणून टाकून द्यावी, ही चैन कोणालाच परवडणारी नव्हती. बहुधा कर्ज काढून घेतलेली ती गाडी एकाच कुटुंबाची असे. ती एक दिवस उभी राहिली, तर त्या दिवसाचे भाडे बुडाले आणि हप्ता मात्र चुकला नाही. अधिकृत कार्यशाळा जिल्ह्याच्या गावी. तेव्हा मालकाने स्वतः हात काळे करणे हा छंद नव्हता. ते हिशेबाचे काम होते.

या कामाचा पहिला धडा हवेचा. डिझेल गाडीची टाकी कोरडी पडली किंवा नळीचा एखादा सांधा ढिला झाला, की इंधनाच्या वाटेत हवा शिरते. तेल दाबले जात नाही, हवा मात्र दाबली जाते. म्हणून पंपाचा दट्ट्या हवेलाच दाबीत बसतो आणि नोझलपर्यंत काही पोहोचत नाही. इंजिन फिरते, पण पेटत नाही. ‘गाडीने हवा घेतली’ असे याला गॅरेजच्या भाषेत म्हणतात. उपाय सोपा, पण तो ठाऊक असला पाहिजे. गाळणीच्या माथ्यावरचा लहान स्क्रू सैल करावयाचा आणि हाताने चालणारा पंप दाबीत राहावयाचे. प्रथम फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड तेलाची धार. धार लागताच स्क्रू आवळावयाचा. एवढ्याने भागले नाही, तर नोझलकडे जाणाऱ्या पोलादी नळ्यांचे नट एकेक करून सैल करावयाचे आणि स्टार्टर मारून तेथूनही हवा बाहेर काढावयाची. या कामाला दोन पाने आणि अर्धा तास पुरे. ज्याला हे येत नसे, त्याला पंधरा मैलांवरून मिस्त्री आणावा लागे.

त्याच नटांचा दुसरा उपयोग अधिक हुशारीचा. इंजिन चालू आहे, पण ठेका चुकतो. चारांपैकी एक सिलिंडर काम करीत नाही. कोणते? मिस्त्री चालू इंजिनावर एका नळीचा नट अर्धा फेरा सैल करतो. इंधन बाहेर गळू लागते आणि त्या सिलिंडरचे काम थांबते. आवाज खाली बसला, तर ते सिलिंडर चांगले होते. आवाजात काहीच फरक पडला नाही, तर दोषी तेच. वैद्याने नाडीवर बोट ठेवावे, त्यातलाच हा प्रकार. मात्र येथे निदानात गूढ काही नाही. इंजिन यांत्रिक आहे, त्याचा प्रत्येक अवयव एकच काम करतो आणि एकेक अवयव बाजूला काढून पाहता येतो, एवढ्यावरच ही परीक्षा उभी आहे.

धुराचीही भाषा असते. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी: गाळणी तुंबली असेल, नोझल थेंब गाळीत असेल. निळसर धूर म्हणजे वंगणाचे तेल जळते आहे: रिंगा झिजल्या. पांढरा धूर सकाळी थोडा वेळ निघून थांबला, तर थंडीचा; थांबलाच नाही, तर इंधन न जळताच बाहेर पडते आहे किंवा पाणी आत येते आहे. तेलाची पट्टी बाहेर काढावी आणि तेल दूध घातलेल्या चहासारखे दिसावे, हे मालकाच्या छातीत धस्स करणारे दृश्य. हेडचे पॅकिंग गेले, पाणी तेलात उतरले. तरी तेथेही धीर सोडण्याचे कारण नसे. हेड उतरविता येई. त्याचे बोल्ट मधल्यापासून सुरू करून बाहेरच्या दिशेने, तीन फेऱ्यांत आवळावयाचे, एकदम नव्हे. नाहीतर हेड वाकते, हा नियम न शिकलेल्या पोऱ्यालाही पाठ असे. नोझलखालची तांब्याची वॉशर नवी न मिळाली, तर जुनीच लाल होईतो तापवून पाण्यात टाकावयाची. तांबे असे केल्याने मऊ होते, कठीण होत नाही, ही धातुशास्त्रातली गोष्ट त्या पोऱ्याने वस्तादाच्या हातून शिकलेली असे.

थंडीच्या दिवसांत हीटर प्लगची कटकट. कोठडीतली हवा सुरुवातीला तापविण्यासाठी प्रत्येक सिलिंडरला विजेची एक तार असलेला हा प्लग बसविलेला असतो. जुन्या इंजिनांत हे चारही प्लग एका माळेत जोडलेले असत. एक गेला की चारही थंड, दिवाळीच्या जुन्या दिव्यांच्या माळेसारखे. मग तारेचा तुकडा लावून एकेकाला वगळीत कोणता गेला ते शोधावयाचे. आणि काहीच जमले नाही, तर गाडी उतारावर उभी करावयाची किंवा चार माणसांनी ढकलावयाची. एकदा इंजिन पेटले, की त्याला विजेची गरज नाही. बॅटरी मेलेली असली, तरी ते चालत राहील. या एका गुणामुळे, वीज अजून न पोहोचलेल्या मुलखात डिझेल गाडीवर लोकांचा जो विश्वास बसला, त्याची कल्पना शहरातल्या माणसाला सहज यावयाची नाही.

दोन-तीन लाख किलोमीटरांनंतर इंजिनाचे मोठे काम निघे. ते बाहेर काढून, सिलिंडर घासून किंचित मोठे करावयाचे आणि मोठ्या मापाचे पिस्टन बसवावयाचे, क्रँक घासून जाड बेअरिंगे घालावयाची. म्हणजे एकाच लोखंडाला दुसरा, तिसरा जन्म. या जन्मांतही ही इंजिने एका गाडीत राहिली नाहीत. मोडीत निघालेल्या मॅटॅडोरचे इंजिन काढून ते ॲम्बॅसेडरमध्ये किंवा जीपमध्ये बसविण्याचा धंदा देशाच्या अनेक भागांत चालला. हे पुनर्जन्म कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाने आखले नव्हते. इंजिन कोठे टांगावे, गिअरपेटीशी त्याची गाठ कशी घालावी, हे वेल्डिंगवाल्याने आणि लेथवाल्याने ठरविले.

मात्र पंपाच्या झाकणापाशी हे सारे धैर्य थांबे, किंवा थांबावयास हवे होते. पंपावर शिसे ओतून मोहोर केलेला एक स्क्रू असे. जास्तीत जास्त किती इंधन जावे, हे तो ठरवी. चढावर गाडी ओढत नाही म्हणून मोहोर तोडून तो स्क्रू फिरविणारे महाभाग सर्वत्र होते. गाडी चार दिवस जोरात चाले, मागे काळा ढग सोडी, पिस्टन तापत आणि पुढचे काम दामदुप्पट वाढे. जाणता मिस्त्री मात्र पंप जसाच्या तसा उतरवून, फडक्यात गुंडाळून ‘पंप-नोझल’ अशी पाटी लावलेल्या दुकानात पाठवी. ते दुकान निराळेच. बाहेर ग्रीसचा चिखल असला, तरी आत फरशी पुसलेली. मध्यभागी चाचणीचे यंत्र. त्यावर पंप फिरवून प्रत्येक नळीतून काचेच्या पेल्यांत पडणारे तेल मोजावयाचे आणि सारे पेले सारखे भरेपर्यंत जुळवणी करावयाची. नोझलाची परीक्षा हाताच्या दांड्याने: शंभरसव्वाशे वातावरणांच्या दाबाला त्याने ‘टर्र’ असा आवाज करून धुक्यासारखा फवारा सोडला, तर ठीक, धार सोडली, तर बाद. मालक आणि मिस्त्री, मिस्त्री आणि पंपवाला, अशी ही कामाची वाटणी होती. प्रत्येकाला आपली हद्द ठाऊक होती आणि हद्द ओलांडण्याचे मोलही ठाऊक होते.

या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिच्या धुराकडे डोळेझाक करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या कोठडीने इंजिन सोशिक बनविले, तिनेच ते थोडे उधळेही ठेवले. आणि झिजलेले नोझल, फिरविलेला स्क्रू, भेसळीचे डिझेल यांनी शहरांच्या हवेत काजळी भरली. ज्या पोऱ्याने धुराचा रंग वाचावयास शिकावे, त्यानेच तो सर्वांत आधी छातीत घ्यावा, हे त्या गॅरेजमधले वास्तव होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर मानवात कर्करोग घडविणारा आहे, असे निःसंदिग्धपणे वर्गीकरण केले. भारतात तोपर्यंत कायदा हलला होता. २००० पासून भारत स्टेजचे निकष टप्प्याटप्प्याने लागू झाले. २०१७ मध्ये चौथा टप्पा देशभर आला आणि पाचवा टप्पा गाळून १ एप्रिल २०२० पासून सहावा. दिल्ली परिसरात दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांना राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये मज्जाव केला, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. मॅटॅडोरचे उत्पादन त्याआधीच, २००० च्या सुमारास, थांबले होते.

निकष पाळावयाचे तर फवारा अतिशय बारीक हवा आणि तो एका स्फोटात अनेकदा, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबाने सोडता आला पाहिजे. पोलादी दट्ट्याला हे जमत नाही. इटलीत फियाटच्या संशोधकांनी वाढविलेली आणि बॉशने पूर्णत्वास नेलेली ‘कॉमन रेल’ पद्धत १९९७ मध्ये अल्फा रोमिओच्या मोटारीत आली. एका सामायिक नळीत तेराशेहून अधिक वातावरणांच्या दाबाने इंधन सदैव भरलेले. ते केव्हा आणि किती सोडावयाचे, हे एक संगणक ठरवितो. धूर घटला, आवाज घटला, इंधनही वाचले. हे सारे खरे लाभ आहेत. पण ती जुनी सीमारेषा सरकली. पूर्वी ती पंपाच्या झाकणापाशी होती. आता ती जवळजवळ बॉनेटच्या काठापाशी आली. चालू इंजिनावर नळीचा नट सैल करून सिलिंडर तपासण्याची ती रीत, पोऱ्याचा दुसरा धडा, आता जीवघेणी आहे. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून तेल मांसात घुसविते आणि बोट, प्रसंगी हात, कापावा लागतो. सिलिंडरची परीक्षा आता संगणकाला तार जोडून करावयाची. आणि ती तार, ते यंत्र, त्यातली संकेतांक वाचण्याची सोय ज्याच्या ताब्यात, त्याच्या ताब्यात दुरुस्ती.

येथे डिझेलचा तो जुना प्रश्न नव्या वेषात उभा राहतो. शक्ती कोणाच्या हाती जमा व्हावी, हा त्याचा प्रश्न होता. आज प्रश्न माहितीचा आहे. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. शेतीची यंत्रे, मोबाइल फोन, घरगुती उपकरणे आणि मोटारवाहने ही चार क्षेत्रे तिच्यापुढे होती. डिसेंबर २०२२ मध्ये उत्पादकांनी दुरुस्तीची माहिती एकत्र द्यावी, यासाठी एक संकेतस्थळही सुरू झाले. मात्र माहिती उघडी करणे आणि ती कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला वाचता येईल, अशा भाषेत देणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जुन्या मॅटॅडोरची माहिती पुस्तकात नसली, तरी ती इंजिनाच्या अंगावर लिहिलेली होती. डोळे आणि पाना असलेला कोणीही ती वाचू शके.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ‘मेकॅनिक डिझेल’ हा एक वर्षाचा अभ्यासक्रम अजून चालतो. त्यात विद्यार्थी हेड उतरवितात, टॅपेटची फट फिलर गेजने मोजतात, गाळणीवरचा स्क्रू सैल करून हवा काढतात. आणि त्याच वर्षात त्यांना कॉमन रेलचे निदानही शिकावे लागते. शिकून बाहेर पडलेल्या मुलाला एखाद्या तालुक्याच्या गावी गॅरेज घालावयाचे असेल, तर दारात दोन्ही प्रकारच्या गाड्या येतील. एकीसाठी त्याच्याजवळ पाने असतील. दुसरीसाठी निदानाचे यंत्र घ्यावे लागेल, त्याची आज्ञावली वेळोवेळी नवी करून घ्यावी लागेल, आणि ते कर्ज फेडण्याइतक्या नव्या गाड्या त्या रस्त्याने येतात का, हा हिशेब त्याला पहिल्याच महिन्यात मांडावा लागेल.